छताकडे बघणारा संघ

एप्रिल महिन्यात सोलापुरात पंखा बंद ठेवून बसणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या शाळेचं ग्रंथालय त्यांच्याकडे होतं. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं, कावळेसुद्धा सावली सोडायचे नाहीत, आणि आत बाई पदराने मान पुसत निवांत वाचत बसलेल्या असायच्या. "बाई, पंखा तरी लावा," म्हटलं की मान वर न करता सांगायच्या, "माझ्या आधी पान उलटतोय हो तो. त्याला वाचायची घाई, मला न्हाई." एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी आत शिरताच पंख्याचं बटण दाबलं. बाई उठल्या, बटण बंद केलं आणि अतिशय प्रेमाने म्हणाल्या, "तुम्ही व्हरांड्यात बसा की साहेब, तिथं वारं चांगलं येतंय." साहेब खरंच व्हरांड्यात जाऊन बसले. त्यांचा शेरा ‘ग्रंथालय उत्तम’ असा आला, कारण त्यांनी ते पाहिलंच नव्हतं.

बाई अक्कलकोटच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या अगदी वेशीवरच्या. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. त्यांचा ठेवणीतला शब्द म्हणजे ‘साकु’. कानडीत त्याचा अर्थ ‘पुरे’. पोरगं उत्तर देताना पाल्हाळ लावायला लागलं की साकु. शिपायाने चहात साखर जास्त घातली की साकु. मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं की मागच्या रांगेतून, स्वतःशीच बोलल्यासारखं पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, साकु. मुख्याध्यापकांना कानडी समजत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. मुख्याध्यापकांची बायको विजापूरची आहे, हे आम्ही त्यांना कधी सांगितलं नाही. शाळेत करमणुकीची साधनं तशी कमीच असतात.

पुस्तकातली माणसं आणि रक्तामांसाची माणसं यांच्यात बाई भेद करायच्या नाहीत. एकदा मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत येऊन धपकन बसल्या आणि म्हणाल्या, "काढली हो शेवटी नवऱ्यानं घरातून. पोटुशी बाई, पावसात कुठं जाईल?" सगळे हळहळले. आमचे शिपाईमामा तर चहाची किटली खाली ठेवून पुढे आले. "बाई, माझा भाचा वकील हाय. म्हनाल तर उद्याच केस टाकू की त्याच्यावर."

"वकील कशाला?" बाई म्हणाल्या. "पुढच्या प्रकरणात तीच त्याला काढतीय."

मामा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. त्यानंतर बाई कुणाची काही हकिगत सांगायला लागल्या की आम्ही आधी विचारून घ्यायचो, "माणूस छापील की खरा?"

मी त्याच शाळेत गणित शिकवतो. माझं आणि पुस्तकांचं फारसं सख्य नव्हतं, म्हणजे भांडण नव्हतं, नुसतं येणंजाणं नव्हतं. पण बाईंकडून पुस्तक घेणं हा एक सोहळाच असायचा. पहिला प्रश्न, "कुठं वाचणार?" घरी, असं सांगून सुटका नव्हती. घरी कुठं? गच्चीवर. गच्चीवर कुठं? टाकीच्या सावलीत. हे पटलं की मग पुस्तक हातात यायचं, आणि तेसुद्धा मागच्या बाजूला तपकिरी कागद चिकटवलेलं. मलपृष्ठावरचा मजकूर त्या कुणालाच वाचू द्यायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, "कव्हर वाचून पुस्तकाबद्दल बोलणारा माणूस म्हंजे अक्षता न टाकता पंगतीला बसणारा." मी एकदा सासुरवाडीला टेंभुर्णीला निघालो होतो. एसटीत वाचणार म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक बघितलं आणि एक बारीकसा कथासंग्रह काढून दिला. "कादंबरी नको. उतरायचं विसराल, मग बायको मला विचारंल." त्या दिवशी तो कथासंग्रह वाचतावाचता मी टेंभुर्णी ओलांडून पार इंदापूरला पोचलो.

बाईंचा खरा जीव होता तो शनिवारच्या शेवटच्या तासात. आठवी-नववीची पोरं त्या तासाला ग्रंथालयात, व्हरांड्यात, जिन्यात, मिळेल तिथे बसायची आणि वाचायची. बस्स, एवढंच. तासाला हजेरी नाही, गुण नाहीत, सारांश लिहा नाही. ज्याला वाचायचं नसेल त्याने गप्प बसावं. "गप बसूनसुद्धा पोरगं किती येळ बसंल? कधीतरी हात पुस्तकाकडं जातोयच की," असं त्या म्हणायच्या, आणि तसंच व्हायचं. मला हा तास डोळ्यांत खुपायचा. दहावीच्या निकालाची टांगती तलवार आम्हा गणितवाल्यांच्या डोक्यावर, आणि इथे धडधाकट पोरं जिन्यात लोळून गोष्टी वाचतायत! मुख्याध्यापकांकडे तो तास मी आडून आडून अनेकदा मागितला होता. बाईंनाही ते माहीत होतं. त्या मला चेष्टेत ‘तासाचे जावई’ म्हणायच्या, हुंडा मागायला आल्यासारखे दर महिन्याला येता म्हणून.

या सगळ्यात ती स्पर्धा आली. जिल्ह्यातल्या शाळांची पुस्तकांवरची प्रश्नमंजूषा. काही पुस्तकं आधी जाहीर करायची, तीन-तीन पोरांचे संघ, मंचावर प्रश्न, अर्ध्या मिनिटात आपसात बोलून उत्तर. चुकलं तर तोच प्रश्न शेजारच्या संघाकडे. बाईंनी आधी नाक मुरडलं. "पुस्तकाची काय शर्यत लावतात?" पण पोरांना जायचं होतं, म्हणून तयार झाल्या. संघ निवडायची त्यांची रीत जगावेगळी. चाचणी नाही, गुणपत्रक नाही. तास संपल्याची घंटा झाली की त्या दारात उभ्या राहून बघायच्या, कुणाला घंटा ऐकूच आली नाही ते. अशी तीन पोरं निघाली.

पद्मजा, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली. राहत्या घराखालीच टॉवेलचे माग. शमीम, बापाचा टेम्पो आणि घर मार्केट यार्डाच्या तोंडावर. आणि बिरू, सांगोल्याकडच्या धनगराचा पोरगा, इथे मामाकडे राहून शिकणारा. तिघांची वाचनाची भूक सारखी आणि तिघांचा आवाजही सारखाच. एकीच्या घरी दिवसभर माग, दुसरीच्या दारात दिवसभर हॉर्न, तिसऱ्याचं बालपण माळावरून मेंढरांना हाका मारण्यात गेलेलं. हळू बोलायची वेळ या पोरांवर जन्मात आली नव्हती.

पहिल्या वर्षी त्याचीच शोभा झाली. प्रश्न आला की आमची तिघं डोकं एकत्र घेऊन ‘कुजबुजायची’, ती नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत ऐकू यायची.

"वैद्याचा भाऊ मेला की गं त्या साथीत!"

"भाऊ न्हाय, मेहुना! भाऊ तर आधीच पळाला!"

"अरे, भाईच बोल, टाइम हो रहा ना!"

आणि पद्मजा उभी राहून "भाऊ" म्हणायची. चूक. शेजारचा संघ शांतपणे माइक ओढून म्हणायचा, "मेहुणा." बरोबर. हे एकदा झालं असतं तर ठीक, पण प्रत्येक फेरीत झालं. आमच्या पोरांनी खणून काढायचं आणि शेजाऱ्यांनी वेचून न्यायचं. लोक हसून हसून बेजार. बक्षीस घेणाऱ्या संघातल्या पोराने जाताना बिरूला ‘थँक्यू’ म्हटलं, ते त्याला फार लागलं.

मुख्याध्यापकांना तर तोंडात मारल्यासारखं झालं. पालकसभेत कुणीतरी विचारलं, शनिवारी तासभर वाचून हेच दिवे लावतात का? पुढच्या वर्षाचं वेळापत्रक ठरायच्या आधी त्यांनी बाईंना आणि मला एकत्र बोलावलं आणि माझ्यासमोरच सांगितलं, "बाई, आणखी एक संधी. पुढच्या स्पर्धेत पहिला नंबर आला तर तास तुमचा. नाहीतर शनिवारचा शेवटचा तास गणिताला. आणि सर, तुम्ही सहमार्गदर्शक म्हणून यांच्याबरोबर राहा." म्हणजे ज्याला बाई हरल्यावर तास मिळणार, त्यालाच बाईंच्या मदतीला दिलं. आमच्या मुख्याध्यापकांच्या डोक्यातलं प्रशासन हे असं.

बाईंचं निवृत्तीचं वर्ष तोंडावर आलं होतं. खोलीतून बाहेर पडल्यावर व्हरांड्यात त्या थांबल्या. मला वाटलं, माझ्यावर उखडतील. पण त्या खांबाला हात लावून म्हणाल्या, "मी गेल्यावर कुणी का कपाटं विकेना सर. पण तास चालू असला की पोरं पुस्तकं मागत राहतात. तास गेला की एका वर्षात सगळे विसरतात. मला ते बघायचं न्हाई." बाईंचा आवाज असा बारीक झालेला मी आधी कधी ऐकला नव्हता. मी घाईघाईने म्हणालो, पोरांना हळू बोलायला शिकवू. कधी नव्हे ते बाईंनी माझं ऐकलं.

पण कुठलं जमायला? पोरं हळू बोलायची म्हणजे सावकाश ओरडायची. शेवटी पद्मजाच्या घरी सांगून बघावं म्हणून बाई मला घेऊन तिच्याकडे गेल्या.

कारखान्याच्या दारातच माझे कान बधिर झाले. एका रांगेत माग, सगळे चालू, धागा घेऊन धोटे इकडून तिकडे, जमीन पायाखाली हलते आहे असं वाटावं. एका टोकाला पद्मजाची आई उभी, दुसऱ्या टोकाला बाप. मधे पद्मजा आणि तिची चुलती. मी बाईंच्या कानात ओरडलो तरी त्यांना ऐकू येईना. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की ही माणसं बोलतायत. आई ओठ हलवते, पलीकडून बाप हसतो. चुलती भुवई उडवून काहीतरी म्हणते, पद्मजा मान हलवून उत्तर देते. हात मागावर, नजर धाग्यावर आणि मधूनच समोरच्याच्या तोंडावर. घशातून आवाज काढायची भानगडच नाही. अख्खं घर गप्पा मारत होतं आणि आम्हाला त्यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

नंतर चहाच्या वेळी माग थांबल्यावर बाईंनी विचारलं, "तुम्ही मघाशी काय बोलत होता?"

पद्मजाची आई लाजली. "काय नाय मॅडम. ननंदेच्या पोरीचं लग्न हाय, तितं काय न्यायचं त्याच्यावर भांडन झालं आमचं."

"भांडण झालं?" मी म्हणालो. "कधी?"

"तुमी चप्पल काढत होता तवा सुरू झालं," ती म्हणाली, "आन बसेपर्यंत मिटलं की."

बाई घरी परतताना रिक्षात एकदम टाळी वाजवून ओरडल्या, "अवो सर! पोरांना हळू बोलायचं कशाला शिकवायचं? त्यांना बिनआवाजाचं बोलता येतंय की!" रिक्षावाल्याने दचकून ब्रेक मारला.

दुसऱ्या दिवसापासून ग्रंथालयात माग चालू झाला. पद्मजा शिकवणार, बाकी सगळे शिकणार, बाईंसकट आणि माझ्यासकट. शमीम झटक्यात शिकली. बिरूला ओठ वाचायला लगेच जमलं, कारण माळावर लांबून माणसाच्या चालीवरून त्याचा हेतू ओळखायची सवय. पण बोलताना त्याचा घसा गप्प राहायचा नाही. पद्मजा त्याच्या गळ्यावर बोट ठेवून बसायची, कंप लागला की चिमटा. सगळ्यात ढ विद्यार्थी म्हणजे बाई. त्या एवढं तोंड वेंगाडायच्या की पोरं हसून लोळायची. शिक्षकखोलीतही त्यांनी सराव चालवला. शिपाईमामांना नुसते ओठ हलवून चहा मागायच्या. मामा बिचारे घाबरून मला विचारायला आले, "सर, बाईंची बसली काय वाचा?"

वाचनाची तयारी मात्र बाईंची जुनीच. प्रश्नसंच नाही, वहीत टिपणं नाही. पोरांनी पुस्तक वाचायचं आणि पुस्तकातल्या माणसांवरून भांडायचं. मीही त्या भांडणांत कधी पडलो ते कळलं नाही. त्या वर्षीच्या यादीत दीपगृहावर एकटं राहणाऱ्या एका म्हाताऱ्याची कादंबरी होती. तो म्हातारा चुकला की बरोबर, यावरून मी आणि शमीम एक अख्खा तास वाद घालत होतो. शेवटी बाई म्हणाल्या, "साकु! जावईबापू, तुमचा दहावीचा वर्ग वाट बघतोय."

स्पर्धेच्या आठवडाभर आधी पोरं धावत ग्रंथालयात आली. पटांगणाच्या पलीकडे मुख्याध्यापक फोनवर बोलत होते, आणि पद्मजाने इकडून त्यांचे ओठ वाचले होते. "बाई, हेडसर इचारत होते, ग्रंथालयातली कपाटं ठेवायला तळमजल्याची खोली रिकामी हाय का म्हणून."

बाईंनी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. निकालाआधीच कपाटं हलवायची तयारी चालली होती. माझाही संताप झाला. पण बाई चिडल्या त्या पोरांवर.

"दुसऱ्याचं बोलणं असं चोरून घ्यायचं?"

"बाई, दिसलं त्ये दिसलं," बिरू म्हणाला.

त्यावरून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "बाई," मी म्हणालो, "म्हणजे मंचावर समोरचे संघ आपसात काय बोलतात तेही दिसणार. त्यांचं चुकलं आणि प्रश्न आपल्याकडे आला, की त्यांनी टाकून दिलेलं उत्तर आपल्याला आयतं! मागच्या वर्षी आपल्याशी तेच झालं. आणि नियमात कुठेही लिहिलेलं नाही की बघू नये."

पोरांचे डोळे चमकले. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी खडू शोधायला लागलो.

"मागच्या वर्षी आपण ओरडलो, त्यांच्या कानावर पडलं. त्यात त्यांचा दोष न्हाई," त्या म्हणाल्या. "पण ते कुजबुजतात म्हंजे त्यांना ऐकू जाऊ द्यायचं न्हाई. दुसऱ्याच्या तोंडचा घास काढायचा न्हाई. त्यांची पाळी असली की तिघांनी वर बघायचं. छताकडं. कळलं?"

"आणि हरलो तर?" मी विचारलं. "तास जाईल बाई."

"तास असाच राखायचा असंल तर त्या तासाला पोरांना मी काय वाचायला देऊ?"

मी तिघांना छताकडे बघायचा सराव करायला बसवलं.

स्पर्धेच्या दिवशी नाट्यगृह भरलेलं. पूर्व भागात त्या दिवशी वीज नव्हती, त्यामुळे माग बंद. पद्मजाचे आईवडील आणि गल्लीतली झाडून सगळी मागावरची मंडळी शेवटच्या रांगेत येऊन बसली होती. मुख्याध्यापक पहिल्या रांगेत, मी आणि बाई त्यांच्या शेजारी. बाईंनी दोन्ही हातांनी पिशवीचे बंद घट्ट धरले होते.

आमचा संघ लोकांना समजेना. इतरांची पाळी आली की ही तिघं मान वर करून छताकडे बघत बसायची. मागून कुणीतरी म्हणालं, "देवाचा धावा करतात वाटतं." मुख्याध्यापक माझ्या कानाशी लागले, "ही पोरं झोपलीत का हो?" आणि स्वतःची पाळी आली की तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची, ओठ भराभर हलायचे, आवाज शून्य. सभागृह एकदम चिडीचूप. मग पद्मजा उठून खणखणीत आवाजात उत्तर द्यायची. आणि ते बरोबर असायचं. पहिली फेरी, दुसरी फेरी, बरोबर. एकेक संघ मागे पडत गेला आणि शेवटी आमच्यासमोर मागच्या वर्षीचा विजेता संघ उरला. गुण सारखे. एकच निर्णायक प्रश्न, आधी त्यांना, चुकला तर आम्हाला.

निवेदकाने वाचलं, "दीपगृहावरचा म्हातारा शेवटी दीपगृह सोडून जातो, तेव्हा दाराला कुलूप का लावत नाही?"

समोरची पोरं डोकी जवळ घेऊन बोलत होती. त्यांचे ओठ आमच्या टेबलावरून सरळ दिसत होते. मी आमच्या पोरांकडे बघितलं. तिघांच्याही माना वर, नजर छतावर खिळलेली. शमीमने तर डोळेच मिटून घेतले होते. खरं सांगतो, बाई शेजारी नसत्या तर मी स्वतः त्या पोरांचे ओठ वाचले असते.

"कारण त्याला परत यायचं असतं," समोरच्यांनी सांगितलं.

"चूक."

प्रश्न आमच्याकडे. शमीमचे ओठ हलले. पद्मजाने मान हलवली. बिरू काहीतरी म्हणाला. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. तो पुन्हा तेच म्हणाला, हातवारे करून, पोट फुगवून. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती, आणि त्या शांततेत अचानक शेवटची रांग खदखदून हसली. पद्मजाची आई, बाप, चुलती, सगळी गल्ली.

पद्मजा उठली. "कारण आत जिन्याखाली मांजर व्यालेली असते."

"बरोबर!"

पुस्तकात ते एका ओळीत होतं, कुठल्यातरी मधल्या प्रकरणात. आमच्यातल्या बाकी कुणाच्याही ते लक्षात राहिलं नव्हतं. मेंढरांत वाढलेल्या पोराच्या बरोबर राहिलं होतं.

मी उठून ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. पण टाळ्या थांबायच्या आत समोरच्या संघाचे सर मंचाजवळ गेले. "हरकत आहे! प्रेक्षकांतून खुणा झाल्या. मागची रांग उत्तराच्या आधी हसली. ही मुलं एक शब्द बोललेली नाहीत, मग त्यांचं ठरलं कसं?" त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

परीक्षकांपैकी एक वयस्कर प्राध्यापक उठले. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमची पोरं ओठांनी बोलतात. मागावर बोलतात तशी. मागं बसलेली माणसं मागावरचीच, त्यांना समजलं म्हणून ती हसली. तुम्ही तपासून बघा."

शेवटच्या रांगेला बाहेर काढण्यात आलं. दार लावलं. बिरूला मंचाच्या एका टोकाला उभं केलं, पद्मजाला दुसऱ्या. प्राध्यापकांनी एका कागदावर काहीतरी लिहून फक्त पद्मजाला दाखवलं. तिने बिरूकडे बघून ओठ हलवले. बिरूने क्षणभर विचार केला आणि मग माळावर हाक मारावी तसा ओरडला, "उद्या सकाळी ह्यांच्याकडं पाव्हनं येनार हायत, आन घरात साखर न्हाय!"

प्राध्यापकांनी कागद उलटा करून सगळ्यांना दाखवला. सभागृह हसलं. पण प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि हळूच विचारलं, "म्हणजे समोरच्या संघाचं बोलणंही तुम्हाला सगळं कळत होतं?"

हशा थांबला. हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. आता संपलं, असं मला वाटलं. निर्दोष असल्याचा पुरावा द्यायला गेलो आणि त्यातच अडकलो.

शमीम उठली. घाबरली की ती घरच्या भाषेत बोलायची. "हौ सर. हमना सब दिखता ना," ती म्हणाली. "इसके वास्तेच तो हम ऊपर देखरे थे."

मग समोरच्या संघातला तो पोरगा, मागच्या वर्षी बिरूला ‘थँक्यू’ म्हणालेला, टेबलामागून उठला आणि टाळ्या वाजवायला लागला. त्याचे सर वाजवायला लागले. आणि मग नाट्यगृह असं उसळलं की निवेदकाने निकाल जाहीर केला तो त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसालासुद्धा ऐकू आला नसेल. मुख्याध्यापक खुर्चीवर उभे राहिले होते. मी त्यांना कधी साध्या बाकावरही उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि बाहेर काढलेली मंडळी दारात गोळा झाली. त्यांना आत काय झालं ते ठाऊक नव्हतं, आणि विचारून ऐकू यावं अशी परिस्थितीच नव्हती. पद्मजाच्या आईने टाचा उंच केल्या आणि मंचाकडे बघून ओठ हलवले: काय झालं? अख्ख्या सभागृहाच्या डोक्यांवरून पद्मजाचं उत्तर गेलं: जिंकलो. आईने कपाळाला हात लावला, मग ती बाईंकडे वळली: मग तुमचा तास?

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पहिल्या वेळी त्यांचे ओठ नीट हलले नाहीत. दुसऱ्या वेळी त्या सावकाश म्हणाल्या: राहिला.

पद्मजाच्या आईने शेजारच्या बायकांकडे बघितलं, पुन्हा बाईंकडे बघितलं: आमी बी येऊ काय शनिवारी? वाचता येत नाय. ऐकायला बसतो.

आता बाईंचे ओठ अजिबात थरथरले नाहीत: या. सगळ्या या. पोरं वाचून दाखवतील.

त्या शनिवारी शेवटच्या तासाला ग्रंथालयात बसायला जागा पुरेना. माझ्या गणिताच्या वर्गातली बाकं तिकडे न्यावी लागली, आणि ती मीच ओढत नेली.